प्राचीन इजिप्तचे दगडी खांब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तला जायचं ठरलं की बहुतेकांचा अभ्यास पिरॅमिडपाशी थांबतो. मग लक्झरजवळच्या कर्नाक देवळाच्या सभामंडपात मान वर करून उभं राहिलं की प्रश्न सुरू होतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

खांबांवर सगळीकडे झाडं आणि फुलंच का?

कारण खांब मुळात झाडंच होती. दगडात बांधायला लागण्याआधी नाईलच्या काठची घरं आणि देवळं बोरूच्या जुड्या, खजुरीची खोडं, लाकूड आणि चिखल यांची असत. दगड आला तेव्हा कारागिरांनी जुना आकार टाकला नाही, उलट दोरीच्या गाठींसकट तो दगडात उतरवला. पपायरस म्हणजे नाईलकाठचा उंच लव्हाळा. कुठल्याही पपायरस-खांबावर फुलाच्या खाली पाच आडवे पट्टे दिसतील. ती जुडी बांधणारी दोरी. दगडाला दोरीची गरज नाही, पण ती गेली तर जुडीची जुडी राहत नाही, म्हणून ती कोरली.

दुसरं कारण धर्मकल्पनेत आहे. सुरुवातीला सगळीकडे नून नावाचं पाणी होतं, त्यातून मातीचा एक उंचवटा वर आला, त्याच्या भोवती दलदल आणि बोरूचं रान उगवलं आणि तिथे देव प्रकटला, अशी त्यांची सृष्टीची गोष्ट. देऊळ म्हणजे त्या पहिल्या सकाळची जागा. म्हणून गाभाऱ्याकडे जाताना जमीन हळूहळू चढते आणि छत खाली येतं. छतावर निळ्या रंगात पिवळे तारे रंगवलेले असतात. जमीन आणि आकाश यांच्या मधलं रान म्हणजे खांब.

पूर आला की हे रूपक अक्षरशः खरं व्हायचं. नाईलचं पाणी कर्नाकच्या देवळात शिरलेलं असताना राजा स्वतः ते पाहायला आत गेला, अशी नोंद आठव्या सोबेकहोतेपच्या शिलालेखात आहे. पाण्यात उभे असलेले पपायरसचे दगडी देठ अशा वेळी कसे दिसत असतील, याची कल्पना करून पाहा.

भाषेतही हे मुरलेलं आहे. पपायरसच्या देठाचं चित्र म्हणजे ‘वाज’ हे चिन्ह, त्याचा अर्थ हिरवं, टवटवीत, भरभराटीचं. खांबाला दुसरा शब्द होता ‘इउन’. ग्रीकांनी ज्याला हेलिओपोलिस म्हटलं त्या सूर्यनगरीचं मूळ नाव ‘इउनू’, म्हणजे खांबांचं गाव.

पपायरस, कमळ आणि खजुरी यांतला फरक उभ्या उभ्या कसा ओळखायचा?

वर फुलाकडे पाहू नका, आधी बुंध्याकडे पाहा. सर्वांत जास्त गफलत मिटलेला पपायरस आणि मिटलेलं कमळ यांत होते, कारण दोन्हींच्या कळ्या लांबून सारख्याच वाटतात.

पपायरसचा देठ कापला तर त्रिकोणी दिसतो. त्यामुळे जुडीच्या खांबावर प्रत्येक देठाला बाहेरच्या अंगाला उभी धार असते. बोटांनी चाचपायची गरज नाही (आणि परवानगीही नाही), तिरप्या उन्हात ती धार सावलीच्या रेघेसारखी उमटते. शिवाय खांब तळाशी एकदम आवळलेला असतो आणि थोडं वर गेल्यावर फुगतो. त्या आवळलेल्या भागावर टोकदार पानांचे त्रिकोण कोरलेले असतात, कोंब मातीतून वर येताना भोवती पानांचं आवरण असतं तसे. लक्झरच्या देवळात तिसऱ्या अमेनहोतेपचं अंगण आहे, तिथे आठ-आठ देठांच्या जुड्या इतक्या नीट दिसतात की शिकायला यापेक्षा चांगली जागा नाही.

कमळाच्या खांबाचे देठ गोल असतात, धार नसते. खांब तळाशी आवळत नाही आणि पायथ्याला पानांचे त्रिकोण नसतात. कळीवरच्या बाहेरच्या पाकळ्या जवळजवळ टोकापर्यंत पोचतात, पपायरसमध्ये त्या खालीच संपतात. कमळाचे खांब जुन्या काळात जास्त: अबुसीरला प्ताहशेप्सेसच्या थडग्यात आणि बेनी हसनच्या काही लेण्यांत.

खजुरीचा खांब ओळखणं सोपं. खोड साधं गोल, वर आठ-नऊ झावळ्या उभ्या बांधलेल्या, टोकं किंचित बाहेर वळलेली. पट्ट्यांच्या खाली दोरीचं सुटलेलं वेटोळं लोंबताना दिसलं तर शंकाच नको. अबुसीरला साहुरे राजाच्या पिरॅमिडच्या देवळात असे १६ खांब होते, प्रत्येक लाल ग्रॅनाइटच्या एकाच दगडाचा.

आणि कर्नाकमध्ये हे सगळं लावायला गेलात तर गोंधळ होईल. तिथले बाजूचे खांबही मिटलेले पपायरसच, पण देठांच्या धारा पुसून ते गुळगुळीत केलेत. राजांना चित्रं आणि नावं कोरायला सपाट पाठ हवी होती. सुबकपणा गेला तो तिथे, असं आमचं मत.

इजिप्तचं ‘कमळ’ म्हणजे आपलंच कमळ का?

नाही. आपलं कमळ पाण्याच्या बरंच वर देठावर उभं राहतं आणि त्याच्या मधोमध बियांची चपटी घुमटी असते. ते इजिप्तमध्ये खूप उशिरा, इराणी सत्तेच्या काळाच्या आसपास पोचलं. खांबांवर आहे ते आपल्याकडे ज्याला कुमुद किंवा नीलोत्पल म्हणतात त्या कुळातलं फूल. निळं सकाळी उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. रोज सूर्याबरोबर उघडणारं फूल म्हणून ते पुनर्जन्माचं चिन्ह झालं. पांढरं रात्री फुलतं. मराठीत सरसकट ‘कमळ’ लिहिण्याची रीत पडली आहे, इथेही तेच ठेवलंय, पण डोळ्यांपुढे तळ्यातलं कुमुद आणा.

पपायरसही आपल्याला तसा परका नाही. तो लव्हाळा आणि नागरमोथ्याच्या कुळातला. नागरमोथ्याची काडी चिमटीत फिरवलीत तर तीच त्रिकोणी धार बोटाला लागते. पपायरस फक्त चार-पाच मीटर उंच वाढतो, एवढंच.

खांबाचे भाग कोणते?

वाड्याची बांधणी माहीत असेल तर सोपं जाईल. सगळ्यांत खाली तळखडा: इथे तो गोल, बुटका आणि कडेला गोलाई दिलेला दगड. त्यावर खोड. मग पाच पट्ट्यांचा गळा, त्यावर फुलाचं किंवा कळीचं शीर्ष. शीर्षावर एक चौकोनी ठोकळा, त्यावर तुळई आणि तुळयांवर छताचे तक्ते.

यांतला चौकोनी ठोकळा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत हुशार. उमललेल्या फुलाच्या खांबावर तो फुलाच्या तोंडापेक्षा बराच लहान ठेवलेला असतो. खाली उभं राहून पाहिलं की फुलाची कड त्याला झाकून टाकते आणि वरची तुळई फुलाला न टेकता तरंगल्यासारखी दिसते. सगळा भार त्या लपलेल्या ठोकळ्यातून मधल्या गाभ्यात उतरतो, पाकळ्यांच्या बाहेर आलेल्या कडांवर काहीच येत नाही. यावा असंही नाही, कडा तुटल्या असत्या. ग्रीक खांब आपण ओझं उचललंय हे दाखवतो, इजिप्तचा खांब ते लपवतो. फुलानं छत पेलणं शोभणार नाही ना!

कर्नाकच्या मंडपात मधले खांब उमललेले आणि बाजूचे मिटलेले का?

मंडप सुमारे १०३ मीटर लांब आणि ५२ मीटर रुंद. खांब १३४. मधल्या वाटेवर सहा-सहाच्या दोन रांगांत १२ मोठे खांब, प्रत्येक सुमारे २१ मीटर उंच, म्हणजे सात मजली इमारतीएवढा, घेर दहा मीटरच्या आसपास. उरलेले १२२ बरेच बुटके. मधलं छत उंच आणि बाजूचं खाली, म्हणून दोहोंच्या फरकात दगडी जाळ्यांचे झरोके बसवलेत. दक्षिणेकडच्या काही जाळ्या अजून आहेत.

उजेड तेवढ्याच झरोक्यांतून यायचा आणि मधल्या वाटेवर पडायचा. तिथली फुलं उमललेली, कडेच्या अंधारातल्या कळ्या मिटलेल्या. ऊन मिळालं ते फुललं, इतका साधा अर्थ. आज बाजूचं छत पडल्यामुळे सगळीकडे लख्ख ऊन येतं आणि हा खेळ कळत नाही. तो अंधार कसा असेल हे अनुभवायचं तर डेंडेरा किंवा एडफूला जा, तिथली छतं शाबूत आहेत.

काम पहिल्या सेतीनं करवलं आणि त्याचा मुलगा दुसरा रामेसिस यानं पुरं केलं. उत्तरेकडचं सेतीच्या वेळचं कोरीव काम उठावदार, दक्षिणेकडे रामेसिसनं ते खोल खोदून घेतलं. खोल कोरीव काम लवकर होतं, उन्हात ठळक दिसतं आणि नंतरच्या राजाला खोडायला जड जातं.

खांब इतके जाड आणि इतके जवळजवळ का? अडचण होत नसेल?

होत असणार, पण इलाज नव्हता. दगड दाबाला भक्कम आणि वाकण्याला कच्चा. आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला ताण पडतो आणि ती मधोमध तडकते. चुनखडीची तुळई साधारण तीन मीटरच्या पुढे भरवशाची नाही. पुढे गेबेल अल्-सिलसिलाच्या खाणींतला वालुकाश्म मोठ्या प्रमाणावर येऊ लागला, तेव्हा सात-आठ मीटरपर्यंत मजल गेली. नव्या राज्याच्या काळात (कर्नाकचा मंडप याच काळातला) मंडप एकाएकी भव्य झाले त्यामागे राजांच्या हौसेइतकाच हा दगडातला बदल आहे.

जाडीचं म्हणाल तर ती हिशेबापेक्षा बरीच जास्त आहे. आपल्या लेखी हा अपव्यय, त्यांच्या लेखी रान दाट हवं.

एवढे खांब उभे कसे केले?

जुन्या राज्यात, म्हणजे पिरॅमिडांच्या काळात, ग्रॅनाइटचे खांब अखंड असत. आस्वानहून नदीवाटे आणायचे आणि जागेवर उभे करायचे. वालुकाश्माचे मोठे खांब मात्र थरांनी रचलेले आहेत, कर्नाकला तर एकेक थर दोन अर्धगोल दगड जुळवून केलेला. क्रम असा:

१. पाया. खड्ड्यात वाळू आणि त्यावर दगड. हाच भाग बऱ्याच ठिकाणी हलगर्जीपणानं केला गेला.

२. तळखडा बसवून पहिला थर. दगड घडलेला नसतो, ओबडधोबडच ठेवतात, फक्त वरची आणि खालची बाजू सपाट.

३. सांध्यात जिप्समचा पातळ गारा. तो दगड चिकटवण्यापेक्षा सरकवून नेमक्या जागी बसवायला जास्त उपयोगी. शेजारच्या दगडांत डमरूच्या आकाराची खाच पाडून लाकडाचा तुकडा ठोकायचा.

४. थर चढेल तसा भोवती मातीचा आणि कच्च्या विटांचा भराव. कामगार नेहमी जमिनीवर उभे राहूनच काम करतात, जमीनच वर चढत जाते.

५. छत टाकून झालं की भराव वरून उतरवायला घ्यायचा आणि उघडा पडेल तसा खांब घडायचा. म्हणजे घडाई शीर्षापासून तळाकडे.

याचा पुरावा कर्नाकच्या पहिल्या अंगणात समोरच आहे. तिथे एक खांब अर्धवट राहिलाय, चौकोनी कंगोऱ्यांचे दगड एकावर एक ठेवलेले. पहिल्या तटद्वाराच्या मागे कच्च्या विटांच्या भरावाचा ढीगही उरलाय. गाइड बहुधा न थांबता पुढे नेतात. थांबवा.

हे सगळं मातकट रंगाचंच होतं का?

मुळीच नाही. पांढऱ्या गिलाव्यावर भडक निळा, हिरवा, तांबडा, पिवळा. तांबडा आणि पिवळा गेरूच्या मातीचे, काळा काजळीचा. निळा मात्र कारखान्यातला: वाळू, चुना आणि तांब्याचं खनिज क्षार घालून ८५० ते १००० अंशांवर भाजायचं, थंड झालेला गोळा दळायचा. आच कमी-जास्त झाली की रंग हिरवट पडतो.

एस्नाच्या ख्नूम देवाच्या देवळात २४ खांब आहेत. शतकानुशतकांची काजळी, पाखरांची विष्ठा आणि धूळ यांखाली ते काळे पडले होते. २०१८ पासून इजिप्तच्या पुरातत्त्व खात्यानं जर्मन तज्ज्ञांसह ते साफ करायला घेतले आणि खालून जवळजवळ ताजे रंग निघाले. रंग पुन्हा भरलेले नाहीत, फक्त मळ काढलाय. डेंडेराचं निळं छतही असंच धुऊन निघालं आहे.

एस्ना, एडफू, फिले इथली शीर्षं इतकी वेगवेगळी का?

ती ग्रीक आणि रोमन राजवटीतली आहेत. राजे परके, पण देवळं इजिप्तच्या रीतीची. या काळात पपायरस, कुमुद, खजूर, द्राक्षं, पानं असे गुच्छ एका शीर्षावर थरांनी रचायची पद्धत आली. शेजारचे दोन खांब सारखे नसतात, पण एडफूच्या अंगणात वाटेच्या डाव्या-उजव्या बाजूंना समोरासमोर पाहिलंत तर जोड्या जुळतात. एकदा हे कळलं की जोड्या शोधण्यात अर्धा तास सहज जातो. फिलेला काही शीर्षं अर्धवट आहेत. पाकळीची नुसती ढोबळ गोलाई, त्यावर रेघा पडायच्या राहिल्यात. छिन्नी कुठे थांबली ते दिसतं.

झाडाच्या आकाराचे नसलेलेही खांब असतात ना?

असतात. डेंडेराच्या पुढच्या मंडपात २४ खांबांवर चारही दिशांना हाथोर देवीचा गायीच्या कानांचा चेहरा आहे, आणि त्यावर छोट्या देवळासारखी पेटी. अख्खा खांब म्हणजे तिच्या पूजेतलं खुळखुळ्यासारखं वाद्य. ९६ चेहऱ्यांपैकी बहुतेक नंतरच्या काळात छिन्नीनं विद्रूप केले गेले. मृतांचा देव ओसिरिस याच्या रूपातल्या राजाच्या मूर्ती चौकोनी खांबांना टेकून उभ्या असतात. अबू सिंबेलला अशा आठ आहेत, पण तिथे भार मागचा खांब घेतो, मूर्ती नाही.

सर्वांत विचित्र प्रकार कर्नाकच्या मागच्या भागात, तिसऱ्या थुटमोसच्या उत्सवमंडपात. तिथले २० खांब वरून खाली निमुळते होतात आणि शीर्ष तोंड खाली असलेल्या घंटेसारखं. ते तंबूचे लाकडी खांब आहेत, दगडात केलेले. पुढे कोणी हा प्रकार फारसा उचलला नाही.

डेंडेरात खांबावर ‘विजेचा दिवा’ कोरलाय असा मेसेज फिरतो. खरं आहे का?

नाही. ‘वायर’ म्हणतात तो फुलाचा देठ, ‘होल्डर’ म्हणजे फूल, ‘फिलामेंट’ म्हणजे फुलातून बाहेर येणारा साप. खाली हात लावून उभा आहे तो जेद-खांब, ओसिरिसचा कणा, स्थैर्याचं चिन्ह. शेजारच्या मजकुरातही देवाच्याच मूर्तीचं वर्णन आहे. आणि हे मंडपाच्या खांबावर नसून तळघराच्या भिंतीवर आहे, हेही मेसेजमध्ये चुकलेलं असतं.

सर्वांत जुने दगडी खांब कोणते? ग्रीकांनी ते उचलले का?

सक्कारा, जोसर राजाचा परिसर, इ.स.पू. २६५० च्या आसपास, रचनाकार इम्होतेप. प्रवेशवाटेवर ४० खांब आहेत, बोरूच्या जुड्यांसारखे, सुमारे साडेसहा मीटर उंच. पण एकही सुटा नाही. प्रत्येकाला मागून आडव्या भिंतीनं धरलंय. दगडाचा उंच खांब स्वतःच्या पायावर उभा राहील यावर अजून विश्वास बसलेला नव्हता.

बेनी हसनच्या लेण्यांत सोळा कोनी, खोबणीचे खांब आहेत. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारे शाम्पोल्यों यांनी त्यांना ग्रीक डोरिक शैलीचे पूर्वज ठरवलं. ग्रीक लोक इजिप्तमध्ये येऊन राहिले होते, तेव्हा दगडी देवळाची भव्यता त्यांनी पाहिली हे खरं. पण शीर्ष, फुगवटा, प्रमाण सगळंच वेगळं आहे, नक्कल म्हणता येणार नाही. भाजे-कार्ले पाहिलेल्यांना बेनी हसन ओळखीचं वाटेल: डोंगर पोखरून केलेले खांब, त्यामुळे मधला खांब तुटला तरी छत जागेवरच.

हे खांब कधी कोसळले आहेत का?

३ ऑक्टोबर १८९९ रोजी कर्नाकच्या मंडपात उत्तर भागातले ११ खांब पडले. वरून ते भक्कम दिसत होते, दुखणं खाली होतं. पाया कच्चा, आणि पुराचं पाणी दरवर्षी बुंध्यात चढायचं. पाणी वाळलं की त्यातला क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिक धरतो, फुगतो आणि दगडाचे पापुद्रे काढतो. दरवर्षी थोडंथोडं, शतकानुशतकं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जॉर्ज लग्रँ यांनी नंतर ते खांब पुन्हा रचले, तेही भराव चढवण्याच्या जुन्याच पद्धतीनं.

आज पूर येत नाही, पण बारमाही शेतीमुळे भूजल वर असतं. मागे काही बुंध्यांना सिमेंट लावलं गेलं, ते उलटलं. सिमेंटमधून दगड श्वास घेत नाही, ओल आणखी वर चढते, शिवाय सिमेंटचे स्वतःचे क्षार. आता चुन्याचा गारा वापरतात आणि भोवतालचं पाणी उपसतात.

पाहायला जाताना काय लक्षात ठेवावं?

कर्नाकला दार उघडताच आत शिरा. सकाळचं तिरपं ऊन कोरीव काम उठवतं, दुपारी बाराला सगळं सपाट दिसतं. छोटी दुर्बीण न्या, शीर्षाखालचे रंग उघड्या डोळ्यांनी कळत नाहीत. फोटोत फ्लॅश नको. एस्नाचं देऊळ रस्त्यापेक्षा सुमारे नऊ मीटर खोल खड्ड्यात आहे, पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघेदुखी असेल तर वेळ ठेवून जा.

मुलांच्या शाळेसाठी पपायरस-खांबाची प्रतिकृती करायची आहे. प्रमाण काय ठेवावं?

उंची जाडीच्या साधारण सहापट. ३० सेंटिमीटरच्या खांबाला ५ सेंटिमीटर जाडी. मध्ये पुठ्ठ्याची नळी, भोवती जाड कागदाच्या आठ पट्ट्या, प्रत्येक मधोमध दुमडून धार बाहेर. तीन-चतुर्थांश उंचीवर सुतळीचे पाच वेढे. वर कळी. तळाचे दोन सेंटिमीटर आवळून बांधा आणि हिरव्या त्रिकोणी पानांचं वेष्टन चिकटवा. मुलं हमखास पोट मधोमध फुगवतात, ते ग्रीक झालं. फुगवटा पानांच्या लगेच वर, आणि तिथून वर निमुळतं.